वाटीभर पाण्यातली वाट

१९७३ चा उन्हाळा. तुम्ही हिंगोलीजवळ कयाधूच्या कोरड्या पात्रात उकिडवे बसला आहात. हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच आहे. पलीकडे दुष्काळी कामावर खडी फुटतेय. समोर वाळूत खोदलेला झिरा. वाटी बुडत नाही, तिरकी धरून पाणी खरवडावं लागतं. घागरीपाशी बसलेली बाई म्हणते, "दम धरा जरा, झिरपू द्या."

तेवढ्यात त्या वाटीत उतरा. तुम्ही आता ई. कोलाय नावाचा जिवाणू, लांबी दोन मायक्रॉन. अंगावरच्या दोऱ्या एका दिशेने फिरतात, त्यांची जुडी होते आणि तुम्ही सरळ सुटता. सेकंदभरच. एखादी दोरी उलटी फिरते, जुडी विस्कटते, गिरकी बसते आणि तोंड भलतीकडेच होतं. पुन्हा धाव. अन्न कुठे आहे, ठाऊक नाही. तुम्ही इतके लहान, की डोक्याकडची चव आणि शेपटाकडची चव यांतला फरक कळत नाही. कळतं ते एवढंच : मघापेक्षा आता बरं आहे का? असेल, तर गिरकी लांबणीवर पडते. ही 'मघा'ची आठवणही काही सेकंदांचीच.

नुकतंच, ऑक्टोबर १९७२ मध्ये, कोलोरॅडोच्या हॉवर्ड बर्ग आणि डग्लस ब्राउन यांनी ही धाव आणि गिरकी 'नेचर'मध्ये मांडली आहे. त्यांचा सूक्ष्मदर्शक एकाच जिवाणूचा माग काढत राहतो.

आता २००२ मध्ये या. ओहायोत संशोधक केव्हिन पसिनो तुम्हाला, तुमच्यासारख्यांच्या थव्यासह, हीच चाल घेऊन गणितात सोडतात. पाण्याऐवजी आकड्यांचा डोंगराळ मुलूख, अन्नाऐवजी कमीत कमी खर्चाचं उत्तर. पाऊल टाका, खर्च घटला तर त्याच दिशेने आणखी काही पावलं, नाहीतर वळा. उताराचं सूत्र मांडता येत नसलं तरी अडत नाही. ठरावीक पावलांनंतर मागे पडलेला अर्धा थवा नाहीसा होतो, उरलेल्यांची संख्या दुप्पट होते.

मग मला सर्वांत मोलाची वाटणारी पायरी : अधूनमधून एखाद्याला उचलून कुठेही फेकायचं. ती नसेल तर सगळे पहिल्याच खळग्यात जमतात, आणि खरी दरी पलीकडच्या टेकडीमागे राहून जाते.

अडचण पावलाच्या लांबीची. लांब असेल तर तुम्ही तळ ओलांडून जाता, आखूड असेल तर पोचायला फार वेळ लागतो. २००९ मध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातले स्वागतम दास आणि त्यांचे सहकारी यावर पर्याय मांडतात : उत्तर जवळ येईल तसं पाऊल आपोआप आखूड होऊ द्यायचं.