कंबरमोडीचा पाला

डिसेंबर 1956. वऱ्हाडातल्या वलगावच्या शिवारात ज्वारीची सोंगणी चालू आहे आणि विळा तुमच्या हाती दिलाय. सवय नाही, दोन-चार मुठी कापता न कापता पातं डाव्या तर्जनीवर येतं. रक्ताची धार लागते.

“लागलं काय बापा? दाबून धर, सोडू नको. मी पाला आनतो.”

शेजारच्या पातीवरची मावशी धुऱ्याकडे जाते. एरवी सोंगताना गाणी-गप्पा चालतात, पण आज सगळे गप्प आहेत. 20 तारखेला इथंच, पेढी नदीच्या पुलाजवळ, गाडीत संत गाडगेबाबांनी प्राण सोडला. गाव अजून त्याच दुःखात आहे.

मावशी मूठभर कंबरमोडी घेऊन येते. नीट बघून घ्या. जमिनीला धरून सरपटणारी केसाळ दांडी, पेराजवळ फुटलेली मुळं, खरखरीत दातेरी पानं. वीतभर उंच एकाच दांड्यावर इवलंसं फूल: मधे पिवळं, भोवती पाच-सहा फिकट पाकळ्या आणि प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. मावशी पानं तळहातावर चोळते, हिरवा रस जखमेवर पिळते, चोथा वर दाबून लुगड्याच्या चिंधीने बोट बांधते. चांगलंच चरचरतं. थोड्या वेळात रक्त थांबतं. (आजच्या काळात परतल्यावर धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र घ्या, त्यावर हा पाला चालत नाही.) पुढे प्रयोगशाळांनी याच पाल्याचा अर्क उंदरांच्या जखमांवर लावून पाहिला, तो मावशीसारख्यांच्या अनुभवामागे जाऊनच.

आता 1700 सालात चला. औरंगजेब हयात आहे, वऱ्हाड मुघलांचा सुभा आहे. पेढीचा काठ धुंडाळा, धुरे पालथे घाला. कंबरमोडी सापडणार नाही! ती अजून समुद्रापार, अमेरिकेत आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस 1753मध्ये तिला शास्त्रीय नाव देईल, तेही मेक्सिकोतल्या वेराक्रूझच्या झाडावरून. इथं बोट कापलं तर बाई हळद दाबते.

म्हणजे 1700 आणि 1956 या दोन सालांच्या मधे कधीतरी, वाऱ्यावर बी उडवत पसरलेलं हे परकं तण इथल्या कुणीतरी पहिल्यांदा चुरगाळून वाहत्या जखमेवर धरलं. गुण आला, म्हणून शेजारणीला सांगितलं. त्या पहिलीचं नाव कुठल्याच कागदावर नाही. मला विचाराल तर लिनियसला नंतर भेटा, आधी तिला शोधा.