टंचाईच्या पोटी जन्मलेली गांधीलमाशी

स्कूटर हे वाहन आपल्या घरांच्या आठवणींत इतके मिसळून गेले आहे की, त्याला काही इतिहास असेल असे सहसा मनात येत नाही. पुढे फळीवर उभे राहिलेले पोर, मागे आडवी बसलेली आई, तिच्या मांडीवर तान्हे मूल आणि वडिलांच्या पायांशी बाजाराची पिशवी, असे अख्खे कुटुंब रविवारी मिस्साला येताना आम्ही बालपणापासून पाहत आलो. फादरांचा झगाही या वाहनावर कधी अडचणीत येत नसे. ही सोय योगायोगाने झालेली नाही. ती ज्या दिवसांत घडली ते दिवस मात्र सोयीचे मुळीच नव्हते.

इटलीतील टस्कनी प्रांतात, पिसा शहराजवळ, पोन्तेदेरा नावाचे गाव आहे. तेथे पियाज्जो कंपनीचा विमानांचा कारखाना होता. १८८४ साली रिनाल्दो पियाज्जो यांनी जेनोवाजवळ सुरू केलेला हा व्यवसाय प्रथम जहाजांच्या अंतर्गत सजावटीचा, मग रेल्वेच्या डब्यांचा आणि पुढे विमानांचा झाला. दुसऱ्या महायुद्धात ही कंपनी चार इंजिनांची बॉम्बफेकी विमाने बनवीत असे. त्यांपैकीच एकाच्या चाचणीत १९४१ साली मुसोलिनीचा पुत्र ब्रूनो पिसा येथे मृत्यू पावला. बॉम्बफेकी विमाने बांधणाऱ्या कारखान्यावर अखेर बॉम्बच पडले. दोस्त राष्ट्रांच्या हल्ल्यांतून जे वाचले, त्यातील बरेचसे माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने सुरुंग लावून उडविले.

युद्ध संपले तेव्हा रिनाल्दोंचे पुत्र एन्रिको यांच्यापुढे उद्ध्वस्त इमारती आणि काम मागणारे कारागीर होते. पराभूत देशाच्या विमान-उद्योगावर कडक निर्बंध आले होते. रस्ते उखडलेले, पेट्रोल दुर्मीळ आणि मोटार तर सामान्य माणसाच्या स्वप्नातही नाही. तरीही माणसांना कामावर जायचे होते. एन्रिको यांनी मोटारीऐवजी लहानसे दुचाकी वाहन काढण्याचे ठरविले. बिएल्ला येथे त्याचा एक नमुना तयार झाला होता. त्याच्या बेढब रूपावरून कामगारांनी त्याला डोनाल्ड बदकाचे इटालियन नाव ठेवले : पापेरीनो. एन्रिकोंना तो पसंत पडला नाही. त्यांनी हे काम कोर्रादीनो द'आस्कानियो यांच्याकडे सोपविले.

हा मनुष्य विमानविद्येतला. १९३० साली त्यांच्या हेलिकॉप्टरने विक्रम नोंदविले होते. मोटारसायकल त्यांना मनापासून नावडे, आणि आमच्या मते हेच त्यांचे भांडवल ठरले. स्वस्त वस्तू करायची म्हणजे असलेलीच वस्तू घ्यायची, तिचा पत्रा पातळ करायचा आणि स्क्रू कमी करायचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. अशी वस्तू गरिबाला दोनदा विकत घ्यावी लागते. द'आस्कानियो यांनी आरंभ निराळ्या टोकाकडून केला. मोटारसायकलीवर टांग टाकून चढावे लागते, साखळीच्या तेलाने कपडे काळे होतात, पंक्चर झाले तर चाक काढणे जिकिरीचे; यांतील काय काय मुळातूनच टाळता येईल, हे त्यांनी पाहिले.

साखळी काढून टाकली आणि इंजिन मागच्या चाकाशीच जोडले. त्यामुळे मधली जागा मोकळी झाली व तेथे सपाट फळी आली. स्त्रियांना घागऱ्यासह, धर्मगुरूंना झग्यासह बसता येऊ लागले ते या फळीमुळे. गिअर हँडलवर आले. पुढचे चाक विमानाच्या चाकाप्रमाणे एकाच बाजूच्या दांड्यावर बसविले, म्हणजे ते मोटारीच्या चाकासारखे चटकन उतरविता येते. आपल्याकडची स्टेपनी याच विचाराची लेक. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेगळा सांगाडाच ठेवला नाही. विमानात जसे पत्र्याचे कवचच भार पेलते, तसेच येथेही दाबून घडविलेल्या पोलादी पत्र्याने सांगाड्याचे काम केले. तोच पत्रा चिखल अडवी, तोच इंजिन झाकी आणि तोच माणसांचे ओझेही वाही. आमच्या आया जुन्या लुगड्याची गोधडी शिवताना याहून वेगळे काय करीत?

२३ एप्रिल १९४६ रोजी फ्लॉरेन्स येथे पेटंटसाठी अर्ज दाखल झाला. बारीक कंबर आणि इंजिनाची गुणगुण यांमुळे एन्रिको उद्गारले की ही तर गांधीलमाशीच दिसते. इटालियन भाषेत वेस्पा. इंजिन ९८ सी.सी.चे, वेग ताशी सुमारे ६० किलोमीटर. साध्या गाडीची किंमत ५५,००० लिरा ठेवण्यात आली. हा आकडा कामगाराच्या कित्येक महिन्यांच्या मजुरीएवढा होता, हे सांगितलेच पाहिजे. केवळ कल्पकतेने ही गाडी गरिबाच्या दारी आली असती असे नव्हे. ती आली हप्त्यांमुळे. पहिल्या वर्षी सुमारे अडीच हजार गाड्या खपल्या, १९५० साली साठ हजारांहून अधिक. १९४८ मध्ये द'आस्कानियो यांनीच तिचे तीन चाकांचे मालवाहू भावंड काढले, त्याचे नाव आपे, म्हणजे मधमाशी. आपल्या रिक्षाचे कूळ तेथे सापडते.

वेस्पा आपल्याकडे आली ती १९६० च्या सुमारास, बजाज कंपनीने पियाज्जोशी केलेल्या कराराने. पुण्याजवळील आकुर्डी हे नाव त्यामुळे घरोघरी माहीत झाले. १९७१ मध्ये करार संपला आणि १९७२ पासून तिच्याच वळणाची चेतक धावू लागली. पण येथे कथेने उलटे वळण घेतले. इटलीत टंचाईने कल्पकतेला जन्म दिला, आपल्याकडे टंचाईने रांगेला. कारखान्याने वर्षाला किती गाड्या काढायच्या हे दिल्लीचा परवाना ठरवी. मागणी त्याच्या कितीतरी पट. नोंदणी करून दहा दहा वर्षे वाट पाहणारी कुटुंबे होती. आखातातील नातलगाने परकीय चलन भरले तर मात्र गाडी लवकर मिळे. नंबर लागलेली कोरी गाडी बाजारात मूळ किमतीहून बरीच जास्त दराने जाई. सामान्यांसाठी जन्मलेली वस्तू अशा रीतीने लग्नाच्या बोलणीत मागण्याची वस्तू झाली.

या व्यवस्थेवर टीका करणे सोपे आहे, परंतु आम्हाला तो अधिकार पुरता नाही. आमच्या वडिलांनी १९७६ साली ठेव भरून स्कूटर नोंदविली होती. पावती आल्तारीच्या चौकटीमागे ठेवलेली असे. नंबर लागला १९८४ साली. तोवर थोरल्या बहिणीचे लग्न ठरले होते. वडिलांनी गाडी सोडवून घेतली, एक दिवस अंगणात उभी ठेवली, आम्हा भावंडांना तिच्यावर बसू दिले आणि दुसऱ्या दिवशी एका दुकानदाराला जादा दराने दिली. मांडवाचा खर्च त्या वरच्या रकमेतून निघाला. ते स्वतः अखेरपर्यंत सायकलनेच हिंडले. त्या दिवशी ते कोणाशी फारसे बोलले नाहीत, एवढे आठवते.

१९९१ नंतर परवान्यांचे राज्य ओसरले, रांगाही संपल्या. पुढे जुनी चेतक बंद पडली. २०२० मध्ये ते नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला मिळाले. २०१२ साली पियाज्जोने बारामतीच्या कारखान्यातून वेस्पा पुन्हा भारतात आणली, मात्र हौशी ग्राहकांसाठी, बरोबरीच्या इतर स्कूटरींपेक्षा महाग. मध्यंतरी आमच्या धर्मग्रामातील एक तरुण अशी नवी वेस्पा आशीर्वादासाठी देवळासमोर घेऊन आला. किंमत ऐकून आम्ही चकित झालो.

“फादर, स्वस्तातल्या पुष्कळ होत्या,” तो संकोचून म्हणाला, “पण पप्पांना हीच हवी होती.”

पवित्र पाणी शिंपडताना आम्ही वाकून पाहिले. पुढच्या चाकाला आधार अजून एकाच बाजूने होता. स्टेपनी मात्र नव्हती.