ग्रामीण आयर्लंडमधील फिरता शिंपी आणि घरगुती वस्त्रनिर्मिती : एक दृष्टिक्षेप

आयर्लंडच्या वस्त्रोद्योगाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने बेलफास्ट परिसरातील लिनन गिरण्यांकडे गेले आहे. पश्चिमेकडील शेतकऱ्याच्या अंगावरचे जाडेभरडे लोकरी कापड कोणाच्या श्रमातून निर्माण झाले, हा प्रश्न मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

एकोणिसाव्या शतकात ही निर्मिती घरातच सुरू होई. लोकर धुणे, पिंजणे, चरख्यावर कातणे व रंगविणे ही कामे प्रायः स्त्रिया करीत. खडकावरील दगडफुलापासून तांबूस-तपकिरी रंग मिळे. निळ्या रंगासाठी नीळ विकत घ्यावी लागे. सूत गावच्या विणकराकडे जाई. विणलेले कापड ओले करून तुडवून वा कुटून दाट केले जाई. एवढे सर्व झाल्यावर शिंपी येई. सुई, कात्री व इस्त्री घेऊन तो घरोघर फिरे, काम संपेपर्यंत त्याच घरी जेवे-राही, आणि टेबलावर मांडी घालून पुरुषांचे कोट व विजारी शिवी. सोबत तो गावोगावच्या बातम्या आणि कथाही आणी. रात्री शेजारीपाजारी जमत ते त्यासाठीच.

आयरिश लोकसाहित्य आयोगाने १९३७ ते १९३९ या काळात शालेय मुलांकरवी जी माहिती संकलित केली, तीत ‘स्थानिक पातळीवर तयार होणारे कपडे’ हा एक स्वतंत्र विषय होता. हे साधन अमूल्य आहे. तथापि ते आठवणींवर आधारलेले असल्याने त्याचा वापर सावधपणे करावा लागतो. बोलका पाहुणा स्मरणात राहतो. रोज कातणारी आजी घराचाच भाग असते. शिंप्याला लोकस्मृतीत लाभलेले स्थान त्याच्या श्रमाच्या वाट्यापेक्षा मोठे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पुढे तयार कपडे व शिवणयंत्र आले आणि ही फिरस्ती ओसरली. कॉर्क परगण्यातील टिमथी बकली हा एका पायाने अधू असलेला शिंपी या परंपरेच्या अखेरच्या प्रतिनिधींपैकी एक मानता येईल. त्याचे बोलणे एरिक क्रॉस यांनी १९४२ मध्ये ‘द टेलर अँड अ‍ॅन्स्टी’ या पुस्तकात नोंदविले. त्याच वर्षी पुस्तकावर अश्लीलतेच्या कारणावरून बंदी आली व सिनेटमध्ये वादळी चर्चा झाली. बंदी उठली १९६३ मध्ये. बकली १९४५ मध्येच निवर्तला होता. पुस्तकाच्या शीर्षकात त्याच्या पत्नीला, अ‍ॅन्स्टीला, स्थान मिळाले आहे. आतले बोलणे मात्र बहुतांशी शिंप्याचेच आहे.