टपावरची सायकल: कसारा, माळशेज आणि ‘व्हॅन की कार?’

आजचा विषय वरवर पाहिला तर गाड्यांच्या शोरूममधला वाटेल. ठाणे-डोंबिवली-कल्याणच्या सायकलवाल्यांत मे महिना सरत आला की एक वाद हमखास निघतो. यंदा पावसात माहुलीच्या पायथ्याला, खर्डीकडे नाहीतर माळशेजला माउंटन बाइक न्यायच्या, तर गाडी कुठली? व्हॅन की कार? तुम्ही म्हणाल, यात इतिहास कुठून आला? पण शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत ओझं घाटावर कसं चढवायचं हा प्रश्न दोन हजार वर्षं जुना आहे. आणि त्याची जुनी उत्तरं आजही कामाला येतात.

सुरुवात मुरबाडपासून करू. वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटाची वाट सुरू होते. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांचा माल याच वाटेनं जुन्नरला जायचा. वरच्या लेण्यात नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, तोंडाशी दगडी रांजण आहे, तो जकातीचा असं सगळे सांगतात. आपल्या कामाची गोष्ट वेगळीच: ही पायऱ्यांची वाट. इथे ओझं बैलाच्या नाहीतर माणसाच्या पाठीवरून जायचं. गाडी पायथ्याशी थांबायची, माल उतरायचा, पुढचा प्रवास दुसऱ्याच्या पाठीवर. म्हणजे सपाटीचं वाहन वेगळं आणि घाटाचं वेगळं. ही अदलाबदल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शहापूरचं नशीब वेगळं निघालं, कारण तिथे रेल्वे आली. थळ घाटातला, म्हणजे आपल्या कसारा घाटातला, लोहमार्ग 1865 साली सुरू झाला. चढ 37 ला 1. त्यामुळे कसाऱ्याला गाडीच्या शेपटीला जादा इंजिनं लावून ती मागून ढकलावी लागते. त्यांना बँकर म्हणतात. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा अशी स्टेशनं शहापूर तालुक्याला मिळाली आणि सायकलीला पहिली ‘व्हॅन’ मिळाली ती इथे: मेल गाडीची ब्रेकव्हॅन. पार्सल ऑफिसात सायकल बुक करायची, लेबल बांधायचं, पावती खिशात ठेवायची. गार्डच्या डब्याला लागून सायकल इगतपुरीला जायची आणि मालक आपल्या डब्यात चणे खात बसायचा. मुरबाडला मात्र आजही रेल्वे नाही. कल्याण-मुरबाड मार्गाची चर्चा ऐकत लोक म्हातारे झाले.

मग मुरबाडकरांचं काय? त्यांची एसटी. 1 जून 1948 ला पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली आणि पुढे गावोगाव लाल डबा पोचला. त्या गाडीला मागे शिडी असायची आणि वर टप. टपावर काय नसायचं? भाजीच्या पाट्या, तांदळाची पोती, ट्रंका, कोंबड्यांच्या डालग्या आणि आडवी टाकलेली सायकल. कंडक्टर सामानाचं तिकीट फाडायचा. माझ्या मते मराठी मुलखातलं पहिलं खरंखुरं सायकल कॅरिअर हेच. त्याची किंमत कुणी केली नाही, आणि नव्या गाड्यांवरून टप गेला तेव्हा कुणाला फारसं कळलंही नाही.

आता शब्दाकडे वळू. आपण सरसकट ‘टेम्पो’ म्हणतो ना? मुळात ते जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका कंपनीच्या वाहनांचं नाव. 1958 साली बजाज टेम्पो कंपनी निघाली, त्यांच्या तीनचाकी मालगाड्या रस्त्यावर आल्या आणि ब्रँडचं सामान्यनाम झालं. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांचीच मेटॅडोर आली. लग्नाचं वऱ्हाड, मंडळाचा गणपती, शाळेची सहल, सगळं मेटॅडोरमध्ये. व्हॅन आपल्याकडे रुजली ती अशी: भाड्यानं आणि ड्रायव्हरसकट.

कारची गोष्ट उलटी. फियाट आणि अँबेसिडरच्या छताच्या कडेनं पन्हळ असायची. पावसाचं पाणी वाहून नेण्यासाठी केलेली, पण कॅरिअरचे पाय तिच्यातच घट्ट बसायचे. मुंबईच्या टॅक्सीवरचं कॅरिअर आठवा. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली, पुढच्याच वर्षी मारुती व्हॅन, म्हणजे नंतरची ओम्नी. इंजिन तेच 796 सीसीचं, पण स्वभाव दोन. 800 ही घरच्या चौघांची. ओम्नी दूधवाल्याची, केटरिंगवाल्याची, शाळेची, रुग्णवाहिकेची. (आणि हिंदी सिनेमातल्या अपहरणकर्त्यांची, बिचारी!) पुढे कारच्या छतावरची पन्हळ गेली, पाठ गुळगुळीत झाली आणि सायकल लावायला वेगळा रॅक विकत घ्यायची वेळ आली. ओम्नीचं उत्पादन 2019 मध्ये थांबलं. ड्रायव्हरच्या गुडघ्यांपुढे नुसता पत्रा असलेली ती गाडी नव्या सुरक्षा नियमांत बसणं कठीणच होतं. 2010 ला आलेली ईको मात्र अजून चालू आहे.

आणि माउंटन बाइक? ती जन्मली कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला. 1976 पासून तिथली पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन ‘रीपॅक’ नावाच्या उतारावर शर्यती लावायची. ब्रेक इतके तापायचे की हबमधलं ग्रीस जळून जायचं, पुन्हा भरावं लागायचं, म्हणून ते नाव. वर जायला बऱ्याचदा पिकअप ट्रक असायचा. म्हणजे ही सायकल पहिल्यापासूनच दुसऱ्याच्या पाठीवर बसून डोंगर चढणारी. आपल्या नाणेघाटातल्या गोण्यांसारखी.

आता मुद्द्यावर येतो. सायकली किती मावतात हा प्रश्न दुय्यम आहे. ईकोची मागची सीट काढली आणि सायकलींची पुढची चाकं काढली, की तीन आत उभ्या राहतात. कारच्या रॅकवरही दोन-तीन बसतात. छतावर असतील तर गाडीची उंची विसरू नका, मागे असतील तर नंबर प्लेट आणि दिवे झाकले जाणार नाहीत हे बघा. हे सगळं जमवता येतं. खरा फरक पडतो तो गाडी चालवणारा कोण यानं.

कार मालकाची. ती माळशेजच्या माथ्यावर उभी करून तुम्ही उताराला लागलात, तर ती आणायला परत वर कोण जाणार? म्हणून कारवाला गोल फिरून गाडीपाशीच येतो. शहापूरला ते चालतं. हायवे गावाला लागून, आसनगावात गाडी लावावी, माहुलीच्या बाजूला चक्कर मारून दुपारी परत यावं. त्यासाठी व्हॅन विकत घेणं हा शुद्ध हौसेचा खर्च आहे. मुरबाडची मजा मात्र एकाच दिशेनं उतरण्यात आहे. माथ्यावर सोडणारं आणि टोकावड्याला वाट बघणारं कुणीतरी लागतं, म्हणजे ड्रायव्हरसकट व्हॅन किंवा पिकअप.

ती तुमच्या मालकीची कशाला हवी? मुरबाडच्या नाक्यावर भाड्याची गाडी मिळते. तिच्या ड्रायव्हरला घाटात दरड कुठे येते, धुकं कधी उतरतं, हे शहरातून आलेल्या कुठल्याही गाडीमालकापेक्षा जास्त ठाऊक असतं. पावसाळ्यात माळशेज ही थट्टा नाही. दगड पडून रस्ता बंद होतो, माणसं दगावतात. शिवाय भाड्याचे पैसे तालुक्यातच राहतात. सायकलवाले पुण्याहून-मुंबईहून येतात, डिकीतलं पाणी पितात, डब्यातलं खातात आणि चिखल तेवढा सोडून जातात, अशी तक्रार गावात ऐकू येते आणि ती खोटी नाही. कल्याणपर्यंत आपली कार आणि पुढे मुरबाडचा टेम्पो, या अदलाबदलीत मला काही कमीपणा वाटत नाही.

जाता जाता एक गंमत. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो आणि कसारा घाटाच्या डोंगरातून जवळपास 8 किलोमीटरचा जुळा बोगदा काढतो. रेल्वेला बँकर लावून जे चढावं लागतं, ते आता काही मिनिटांत पार होतं. या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे. तेव्हा तिथून सायकल न्यायची असेल, तर ती कुणाच्या तरी गाडीत सामान म्हणूनच जाणार.