ओटा, पाट आणि पार

आमच्या घरातील स्वयंपाकाचा ओटा तीन फूट उंचीचा आहे. घर बांधले तेव्हा गवंड्याने उंची विचारली ती वडिलांना, आणि वडिलांनी 'सगळीकडे असते तशी' असे उत्तर दिले. आमच्या मातोश्रींची उंची चार फूट दहा इंच. गेली तीसेक वर्षे त्या एका पाटावर उभ्या राहून भाकऱ्या थापीत आल्या. पाट ही बसण्याची वस्तू. ती उभे राहण्यासाठी का लागावी, हा प्रश्न आम्हांला इतक्या वर्षांत पडला नव्हता. स्वयंपाकघराच्या मधोमध, चारी बाजूंनी मोकळा असा एक ओटा आपल्याच हातांनी करावा असे यंदा ठरले, आणि मापे घेऊ लागलो तेव्हा तो पडला.

या मधल्या ओट्याला हल्ली सर्वत्र 'आयलंड' म्हणतात. मराठी शब्द शोधताना आम्ही प्रथम 'ओटा' या शब्दापाशीच थबकलो. ओटा हा मूळचा घराबाहेरचा. दारापुढचा, बसाउठायचा, येणाऱ्याजाणाऱ्यांचा. तोच शब्द घराच्या सर्वांत आतल्या खोलीत गेला आणि तेथे उभे राहण्याच्या जागेचे नाव झाला. हा प्रवास फार जुना नाही. त्याआधी मराठी स्वयंपाकघर जमिनीवर होते: चूल, तिला जोडलेला वैल, शेजारी भानवस, हाताच्या अंतरावर विळी, पाटा-वरवंटा आणि काटवट. बाई मध्ये बसे आणि सारे सामान तिच्याभोवती असे.

चुलीची एक गोष्ट आज विसरली गेली आहे. कुंभाराकडची चूल विकत मिळे, पण माती, शेण आणि भुसा मळून घरोघरी बायका ती स्वतःही घालीत. तोंड केवढे ठेवायचे, वैल किती अंतरावर घ्यायचा, हे करणारीच ठरवी. रोज पोतेरे फिरे. चीर गेली तर ती लिंपली जाई, आणि अगदीच खचली तर चूल मोडून नवी घातली जाई. म्हणून या वस्तूवर तिच्या हाताचा हक्क होता. त्याबरोबर धूर होता, फुंकणी होती, चुरचुरणारे डोळे होते आणि आखडलेले गुडघे होते. चुलीचे गोडवे गाणाऱ्यांत आम्ही नाही.

शिवाय चुलीभोवतीचे वर्तुळ सर्वांसाठी खुले नव्हते. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त वडिलांच्या सोवळ्याने घरातल्या माणसांचे काय होते, हे आपण शिकवतो. कोल्हापुराला याचा सार्वजनिक इतिहासही आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून येथे जातीजमातींनुसार वसतिगृहे उभी केली. एकत्र शिकणे शक्य झाले तरी एकत्र जेवणे अजून अवघड होते, हे त्या स्वतंत्र वसतिगृहांच्या इतिहासातून दिसते. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाहून परतल्यावर स्नान करण्यास जैन वसतिगृहातील भाऊराव पाटील यांनी नकार दिला, आणि त्यांना ते वसतिगृह सोडावे लागले. त्याच भाऊरावांनी 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली, एका पंक्तीला आणले. तेथील मुलांची चूल पेटती राहावी म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने घालवले. 'चूल वेगळी मांडणे' म्हणजे नाते तोडणे, असे आपली भाषा सांगते. चूल एक करणे किती महाग पडते, हे साताऱ्याच्या त्या घराने सांगितले.

मग चूल उंचावर गेली कशी? केवळ फॅशन म्हणून नव्हे. 1955 मध्ये बर्मा शेल कंपनीने मुंबईत घरगुती गॅस आणला. पुढे तो गावोगावी पसरला. शेगडी सिलिंडरच्या पातळीपेक्षा उंच असावी असा सुरक्षेचा नियम आहे. म्हणजे सिलिंडर खाली आणि शेगडी वर, हे गॅसबरोबरच ठरून गेले. विटांच्या दोन-तीन भिंती आणि वर कडप्प्याची फरशी, असा ओटा घरोघरी आला. धूर गेला, वाकणे गेले, उकिडवे बसणे गेले. हा लाभ लहान नव्हे.

पण ओटा भिंतीला लागून बांधला गेला आणि उभ्या राहिलेल्या बाईचे तोंड भिंतीकडे झाले. युरोपातही असेच घडले होते. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार स्त्रीने 1926 मध्ये फ्रांकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी आखलेले स्वयंपाकघर जेमतेम 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब होते. पावले मोजून, श्रम वाचवण्यासाठी केलेली ती रचना. श्रम वाचले, मात्र त्या खोलीत एकाच व्यक्तीला नीट काम करता येई, आणि ती व्यक्ती कोण हे गृहीतच होते. आपल्याकडे तर उंचीही गृहीत धरली गेली. माती मोडून पुन्हा घालता येत होती. वीट आणि दगड बाईच्या हाताबाहेरचे होते. तेथे पाट आला.

म्हणून आम्ही आधी कोपर मोजले. उभ्याने कणीक मळायची किंवा भाकरी थापायची तर फळी कोपराखाली चार ते सहा इंच असावी लागते. मातोश्रींचे कोपर जमिनीपासून साधारण 36 इंचांवर, म्हणजे थेट ओट्याच्या पातळीवर. नव्या ओट्याची उंची 31 इंच ठरली. पाण्याला टिकणाऱ्या 18 मिलिमीटर प्लायवूडची दोन कपाटे पाठीला पाठ लावून जोडली. वर पाच फूट बाय अडीच फूट ग्रॅनाइट. 20 मिलिमीटर जाडीचा हा दगड साठ किलोंहून जड, त्यामुळे कपाटांत मधले उभे आधार घालावे लागले. चारी बाजूंना तीन फुटांची वाट ठेवली. फरशी फोडली नाही. उद्या हे मोडून दुसऱ्या मापाचे करता येईल, चुलीसारखे.

नावाचा प्रश्न मातोश्रींनीच सोडवला. चारी बाजूंनी माणसे टेकलेली पाहून त्या म्हणाल्या, "हा तर पारच झाला की!" झाडाभोवतीचा, गावातल्या पुरुषांनी गप्पांसाठी राखलेला पार असा आमच्या स्वयंपाकघरात आला.

शेगडी मात्र अजून जुन्या ओट्यावरच आहे. त्या पारावर भाकरी थापतात आणि तवा त्यांच्या पाठीमागे राहतो. त्यामुळे तव्यापाशी दुसरे कोणीतरी उभे राहावे लागते. सध्या आम्ही राहतो. पहिल्या आठवड्यातल्या बऱ्याच भाकऱ्या करपल्या. पाट आता भिंतीला टेकवून ठेवला आहे.