पिळाचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्याला लढाया, तह आणि सनावळ्या आठवतात. फार तर एखादा संशोधक धुण्याच्या इतिहासापर्यंत जातो. म्हणजे नदी, धोपटणे, रिठे, साबण. पण धुतल्यानंतर कपडे पिळावे लागतात, हे त्याच्या गावीही नसते. कारण उघड आहे. इतिहास लिहिणाऱ्याचे धोतर दुसरेच कोणीतरी पिळत असते.

मीही या विषयाच्या वाटेला गेलो नसतो. पण गेल्या जूनच्या शेवटी आमची सौभाग्यवती गच्चीच्या ओल्या पायरीवरून घसरली आणि तिचे उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लॅस्टर झाले. ते काढताना डॉक्टर म्हणाले, "तीन महिने काहीही पिळायचं नाही." हे सांगताना ते तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "छे हो, घरी मशीन आहे." आणि त्याच आठवड्यात मशीनने असहकार पुकारला.

ऑगस्टातले कोल्हापूर. पाऊस सुट्टी घेत नाही. घरात पाच माणसांचे धुणे, आणि मशीन चौदा वर्षांपूर्वी फेस्टिव्हल अ‍ॅडव्हान्स काढून घेतलेले, दोन टबांचे सेमी-ऑटोमॅटिक. धुण्याची बाजू ठणठणीत. दुसऱ्या बाजूला सगळे ड्रायर म्हणतात. वास्तविक तो काही वाळवत नाही, पिळतो. तर या पिळणाऱ्या टबाने फिरायचे सोडून नुसते 'हूंऽऽ' म्हणायला सुरुवात केली. साहेबांसमोर वाढीव काम घ्यायची वेळ आली की आमचे काही सहकारी असाच आवाज काढतात.

मेकॅनिक आला. त्याने खटका फिरवला, 'हूं' ऐकले आणि निदान केले, "मोटर गेली. अठराशे होतील." मागची झाकणीसुद्धा उघडली नव्हती. पन्नास रुपयांच्या व्हाउचरला दोन सह्या मागणारा माणूस मी, विचारलं, "कशावरून?" तो म्हणाला, "साहेब, वीस वर्षं हेच करतोय." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशी गत. मी त्याला चहा पाजून निरोप दिला आणि त्या रात्रीपासून वाचायला बसलो. आणि माझ्या लक्षात आले की या शास्त्राचा निम्मा इतिहास "गेली" किंवा "जमणार नाही" म्हणणाऱ्यांनीच भरलेला आहे.

आरंभीचा भाग झटपट उरकतो. जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गचा याकोब शेफर नावाचा पाद्री. त्याने 1767 साली धुलाईयंत्राचा आराखडा छापला. हाच गृहस्थ गांधीलमाशीच्या पोळ्यापासून कागद करून बघत असे, तेव्हा शेजारी त्याच्याकडे कोणत्या नजरेने बघत असतील याची कल्पना यावी. पुढच्या शतकात पिळण्यासाठी दोन रुळांचे यंत्र घरोघरी आले. उसाच्या चरकात ऊस सारावा तसे कपडे सारायचे आणि दांडा फिरवायचा. विसाव्या शतकात त्या रुळांना विजेची मोटर लागली, तेव्हा कपड्यांबरोबर बायकांचे आणि पोरांचे हातही आत जाऊ लागले. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी त्या दुखापतीला स्वतंत्र नाव देऊन ठेवले होते, 'रिंगर आर्म'. आमच्या घरचा मनगटाचा मामला एवढ्या जुन्या घराण्यातला निघाला.

गरगर फिरवून पाणी बाहेर फेकायची कल्पनाही जुनीच. 1830 च्या दशकात पेन्झोल्ट नावाच्या माणसाने ती कापड सुकवण्यासाठी यंत्रात आणली, आणि पुढच्या दहा-एक वर्षांत ती साखरवाल्यांनी उचलली. इथे मी चमकलो. कारण माझी पहिली नेमणूक एका साखर कारखान्याच्या गावी होती आणि मी ते यंत्र डोळ्यांनी पाहिले होते. जाळीच्या मोठ्या टबात तपकिरी चिकट पाक सोडतात, टब गरगरतो, मळी जाळीतून बाहेर फेकली जाते आणि भिंतीला साखर चिकटून राहते. प्रवरानगरचा सहकारी कारखाना 1950 साली सुरू झाला, त्यानंतर आपल्याकडे ऊस पिकला तिथे तिथे हे यंत्र पोहोचले. म्हणजे ज्या गावांत बायका ओढ्यावर मनगटाने लुगडी पिळत होत्या, त्याच गावांच्या शिवेवर लुगडी पिळायचे यंत्र साखर पिळत होते. दोघांची ओळख करून द्यायला पुढची कित्येक वर्षे कोणाला सवड झाली नाही.

आता 'हूं'कडे येतो. घराघरातली वीज एक-फेज असते. ती मोटरमध्ये जे चुंबकत्व निर्माण करते ते फिरत नाही, नुसते पुढे-मागे हेलकावते. वाटाघाटींत दोन्ही बाजू मागेपुढे होतात आणि ठराव जागच्या जागी राहतो, तसे. मोटर गुरगुरते, तापते, पण उजवीकडे जावे की डावीकडे हे तिला ठरवता येत नाही. त्यासाठी आत दुसरे वेटोळे असते आणि त्याच्या वाटेवर कंडेन्सर बसवलेला असतो. तो तिथला प्रवाह जरा पुढे सरकवतो, दोन हेलकावे आगेमागे होतात आणि त्यांच्या जुगलबंदीतून फिरते चुंबकत्व तयार होते.

फिरत्या चुंबकत्वावर चालणारे असे यंत्र इटलीत तुरीनच्या गालिलिओ फेरारिस या प्राध्यापकाने 1885 साली करून दाखवले. 1888 मध्ये त्यावर निबंध वाचला, आणि हिशेब करून स्वतःच निर्वाळा दिला की उद्योगधंद्यात या मोटरचा उपयोग नाही. पेटंटसुद्धा घेतले नाही. त्याच वर्षी अमेरिकेत निकोला टेस्लाने तशाच मोटरची पेटंटे मिळवली. आज पंख्यापासून विहिरीवरच्या पंपापर्यंत त्या घराण्याच्या मोटरी फिरताहेत. 'मोटर गेली' म्हणणारा पहिला माणूस आमचा मेकॅनिक नव्हे, खुद्द तिचा बाप.

एवढे बळ गोळा झाल्यावर रविवारी मी प्लग काढून टब हाताने फिरवून पाहिला. जड फिरला असता तर संशय ब्रेकवर. झाकण लावले की एक तार ब्रेक सोडवते, आणि ती तार तुटली तर ब्रेक आवळलेलाच राहतो. किंवा टबाच्या खाली एखादा पायमोजा अडकलेला असू शकतो. पण टब लोण्यासारखा फिरत होता. जळका वासही नव्हता. आवाजच आला नसता तर झाकणाचा स्विच बघायचा होता. इथे आवाज भरपूर होता. म्हणजे वीज पोचते आहे, वाट मोकळी आहे, फक्त पहिला धक्का मिळत नाही. सकाळी सहाला माझीही प्रकृती अशीच असते.

उद्यमनगरातल्या रिवायंडिंगवाल्याने आधी मला दटावले. "प्लग काढला म्हणून कंडेन्सर मेला असं समजू नका साहेब. आधी बल्बच्या दोन वायरी लावून मोकळा करा, मग हात लावा." खाते बंद केले तरी शिल्लक उरते, हे बँकवाल्याला पटायला वेळ लागत नाही. सांगितल्याप्रमाणे सोडवून नेला. त्याने मीटर लावला. अंगावर 6 मायक्रोफॅरड छापलेले, काटा एकच्या पुढे जाईना. तेवढ्याच आकड्याचा आणि तितक्याच व्होल्टचा नवा दिला. एकशेवीस रुपये. मी पावती मागितली. तो हसला.

नवा बसवला, खटका फिरवला, आणि टब फिरला! मी विजयाने घरच्यांना हाक मारेपर्यंत मशीन न्हाणीघरातून निघून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पोचले होते.

या चालण्यालाही इतिहास आहे. अमेरिकेत 1937 साली बेंडिक्सचे स्वयंचलित यंत्र आले, ते जमिनीला बोल्टांनी आवळून ठेवावे लागे. बी.कॉम. असूनही मी हिशेब मांडला. टबाची त्रिज्या 11 सेंटिमीटर, मिनिटाला 1350 फेरे धरले, तर आतल्या कपड्याचा भार स्वतःच्या वजनाच्या सव्वादोनशे पट होतो. 200 ग्रॅमचे ओले बनियन एका अंगाला साचले, तर 45 किलोंचा माणूस तिकडे लोंबकळावा तशी ओढ बसते. रँकिन नावाच्या थोर स्कॉटिश इंजिनियराने 1869 मध्ये लिहून ठेवले होते की एका ठरावीक वेगापलीकडे दांडा स्थिर फिरणे शक्यच नाही. स्वीडनच्या द लावालने 1878 साली दुधातून साय काढणारे फिरते यंत्र केले होते. पुढे त्याने आपल्या वाफेच्या टर्बाइनला मुद्दाम लवचिक, वेताच्या छडीसारखा दांडा बसवला, मिनिटाला 30,000 फेऱ्यांच्या घरात नेला, आणि तो दांडा सुरुवातीला थरथरून पुढे आपोआप शांत झाला. हे का होते याचे धड स्पष्टीकरण जेफकॉट या आयरिश इंजिनियराने दिले, ते 1919 मध्ये! पन्नास वर्षे गेली.

हे सगळे मी सौभाग्यवतीला समजावून सांगत होतो. ती डाव्या हाताने चहा ढवळत म्हणाली, "अहो, सुरुवातीला धडधडतं ते, लगेच बंद नाही करायचं. वेग आला की गप्प होतं. पण कपडे आधी सगळीकडून सारखे दाबून बसवायचे. तुम्ही बोळे करून कोंबलेत." ही माहिती तिला चौदा वर्षांपासून होती. रँकिनला नव्हती, आणि मलाही नव्हती, कारण चौदा वर्षांत त्या टबात मी एकदाही हात घातला नव्हता.

कपडे सारखे बसवले. मशीन थरथरले, मग शांत झाले. मागच्या नळीतून पाण्याची धार लागली, आणि ती थांबेपर्यंत मी उभा राहून बघत होतो.

राहिली सोलापुरी चादर. ती ड्रायरमध्ये मावत नाही. आई म्हणाली, "दोघं दोन टोकं धरा." एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला चिरंजीव. आम्ही पिळत राहिलो, पण पीळच बसेना. चिरंजीव आरशात बघितल्यासारखा माझी हुबेहूब नक्कल करत होता आणि दोघे मिळून चादर नुसतीच एका दिशेने फिरवत होतो. आई दारातून बघत होती.

"अरे, त्यानं फिरवलं की तू उलटं फिरव," ती म्हणाली. "तुझ्या बाबांनाही लग्नानंतर दोन वर्षं कळलं नव्हतं. पण टोक धरायला यायचे."