टायबरच्या खोऱ्यात पळसगावचा यशवंत

दुसरे महायुद्ध आपण सगळ्यांनीच शाळेत शिकलो. हिटलर, पोलंड, पर्ल हार्बर, हिरोशिमा. ‘चले जाव’ वेगळ्या धड्यात. या दोन धड्यांच्या फटीत जी माणसे राहून गेली, त्यांतल्या एकाबद्दल लिहिते आहे. तो आपल्या यवतमाळचा नाही, कोकणातला आहे. पण त्याचा प्रश्न आपल्या जिल्ह्यालाही लागू पडतो.

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१चा. गाव पळसगाव, तालुका माणगाव. तेव्हाचा कुलाबा, आताचा रायगड जिल्हा. कोकणातल्या पोरांपुढे तेव्हा मुंबईची गिरणी किंवा पलटण अशा दोन ठळक वाटा असत. घाडगे पलटणीत गेले. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये ते नाईक झाले. नाईक म्हणजे दोन फिती आणि हाताखाली मूठभर जवानांचा एक सेक्शन.

४ जून १९४४ रोजी रोम पडले. जर्मन फौज उत्तरेकडे हटत होती, पण प्रत्येक टेकडीवर मशीनगन लावून. इटलीत भारताच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजन लढल्या, सुमारे ५०,००० सैनिक. दहावी डिव्हिजन टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातून पुढे सरकत होती. घाडगे तिच्यात होते.

१० जुलैला त्यांच्या कंपनीने एका भक्कम मोर्चावर हल्ला चढवला. पुढचे सारे त्यांच्या मानपत्रात आहे. माझ्या नोकरीत सर्व्हरचे लॉग वाचावे लागतात. हा मजकूरही तसाच कोरडा आहे, आणि म्हणूनच तो जास्त लागतो. अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. सेक्शनमधले सगळे मेले किंवा जखमी झाले. उभे राहिले एकटे घाडगे. मागे कोणी नाही हे ठाऊक असूनही ते मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकून त्यांनी ती आणि ती चालवणारा दोघांना निकामी केले, टॉमी गनने आणखी एकाला टिपले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिनेच ठेचले. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. एकट्याने जिंकलेल्या त्याच मोर्चात ते गेले. वय २२.

२ नोव्हेंबर १९४४च्या ‘लंडन गॅझेट’मध्ये त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. कबर मात्र नाही. कॅसिनो येथील स्मारकावर ज्यांची कबर सापडत नाही अशा ४,००० हून अधिक जणांची नावे आहेत, त्यांत घाडगे एक.

मग हा सैनिक कोणाचा? राजाचा, असे म्हणून मोकळे होता येते. १९३९ मध्ये भारताला न विचारता युद्धात ओढले, म्हणून काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले होते, हेही खरे. पण आपल्या वणीच्या बापूजी अण्यांकडे बघा. जुलै १९३० मध्ये पुसदला जंगल सत्याग्रह, १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात, फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या प्रश्नावर राजीनामा, आणि त्याच वर्षी सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला. त्यांना आपण लोकनायकच म्हणतो, आणि बरोबर म्हणतो. पुढाऱ्याला जी गुंतागुंत माफ करतो, ती बावीस वर्षांच्या नाइकाला का नाही? युद्धात सुमारे २५ लाख भारतीय होते. सगळ्यांना एका शब्दात ‘भाडोत्री’ म्हणणे मला तरी पटत नाही.

माणगावात घाडगे यांचा पुतळा आहे. इटलीत पेरूजाजवळच्या मोंतोने गावाने जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावाचे स्मारक उभारले: एक छायाघड्याळ. त्यावर लॅटिनमध्ये लिहिले आहे, आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. ज्या गावाच्या परिसरात हा माणूस लढला, त्या गावाला तो आठवतो.

आपल्यापैकी काहींचे आजोबा-पणजोबा त्या युद्धात असतील. पेटीच्या तळाशी एखादे पदक, पेन्शनचे पुस्तक, पलटणीचा फोटो सापडला तर पुढच्या मेळाव्याला घेऊन या. नाव आणि पलटण एवढे कळले तरी पुरे. युद्धात गेलेल्यांची नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येतात. शोधायला मी बसेन.